पाच अभंग, चार माइक : नौपाड्यातील घरगुती ध्वनिमुद्रणाच्या नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

सासूबाईंच्या महिला भजनी मंडळाचे पाच अभंग आषाढी एकादशीपूर्वी, म्हणजे ६ जुलैच्या आत, मुद्रित करून मंडळातील सर्वांना देण्याचे ठरले आहे. मुद्रण आमच्या नौपाड्यातील घराच्या दिवाणखान्यातच होईल. साधने मोजकी आहेत: एका वेळी चार माइक संगणकाला जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस, ग्रहणाची दिशा बदलता येणारा मोठ्या डायफ्रॅमचा एक कंडेन्सर माइक, लहान डायफ्रॅमचे दोन कंडेन्सर, शुअर एसएम ५७ हा एक डायनॅमिक माइक आणि संगणकावर रीपर हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर. गाणाऱ्या सासूबाई, पेटीवर मावशी, पखवाजावर काका, आणि टाळ घेऊन मागे म्हणणाऱ्या सहा जणी, असा हा संच आहे.

पहिला निर्णय पद्धतीचा होता आणि तो मी आजच घेतला: सर्वांचे मुद्रण एकत्र, एकाच खोलीत आणि एकाच वेळी होईल. घरगुती स्टुडिओसाठी सर्वत्र दिला जाणारा सल्ला याच्या नेमका उलट आहे. आधी कानात मेट्रोनोमची टिकटिक देऊन ठेका मुद्रित करावा, त्यावर पेटी, त्यावर गळा आणि शेवटी कोरस, असा क्रम सांगितला जातो. त्यातून प्रत्येक ट्रॅक स्वच्छ मिळतो हे खरे आहे. परंतु भजनाची लय टिकटिकीवर चालत नाही. अभंग संथ सुरू होतो, अंतऱ्यागणिक थोडा पुढे सरकतो, आणि गजरापर्यंत पोहोचेतो सुरुवातीच्या जवळजवळ दुप्पट वेगात गेलेला असतो. हा चढ कुठे आणि किती घ्यायचा हे त्या दिवशीच्या गळ्यावर, श्वासावर आणि समोरच्या नजरेवर ठरते. काकांना याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मी मात्रा मोजत नाही, ताईंचे ओठ बघतो.” ज्याला ओठ बघून वाजवायचे आहे, त्याला दुसऱ्या दिवशी एकट्याला हेडफोन लावून बसवण्यात अर्थ नाही.

या निर्णयाची किंमत उघड आहे. प्रत्येक माइकमध्ये प्रत्येकाचा आवाज थोडाफार शिरणार, आणि तो नंतर काढता येणार नाही. म्हणजेच मिक्सिंगमध्ये जी कामे एरवी नॉब फिरवून होतात, त्यांपैकी बहुतेक येथे माणसे आणि माइक हलवून आधीच करावी लागतील. या नोंदी मुख्यतः त्या हलवाहलवीच्या आहेत.

२३ मार्च, रविवार

खोली मोजली. लांबी १६ फूट, रुंदी १० फूट, उंची ९ फूट. मीटरमध्ये अनुक्रमे ४.८८, ३.०५ आणि २.७४. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या कंपनसंख्या अडकून घुमतात, त्यांतील पहिली काढण्याचे सूत्र सोपे आहे: ध्वनीचा वेग भागिले अंतराची दुप्पट. आपल्याकडील ३० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. त्यावरून लांबीची पहिली कंपनसंख्या ३६ हर्ट्झच्या जवळ, रुंदीची ५७ आणि उंचीची ६४ हर्ट्झच्या जवळ येते. प्रत्येकीच्या दुपटी-तिपटीही खोलीत घुमतातच. रुंदीची दुप्पट ११४ हर्ट्झ आहे, आणि तिच्याकडे मी वेगळी खूण करून ठेवली आहे. सासूबाई काळी पाच पट्टीत गातात, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज (सा). त्यांचा मध्य षड्ज २३३ हर्ट्झ, त्याच्या खालच्या सप्तकातला ११६.५, काका पखवाजाचा धुमा, म्हणजे डाव्या हाताचे खर्जाचे तोंड, याच खर्जातल्या षड्जाजवळ ठेवतात. भिंतींचे घुमणे आणि धुम्याचा स्वर यांत जेमतेम दोन हर्ट्झचे अंतर आहे, हे पुढे त्रास देणार हे कागदावरच दिसते.

संगणकावरून खालपासून वरपर्यंत चढत जाणारा स्वर स्पीकरमधून सोडून खोलीचा प्रतिसाद मोजला. मध्यम कंपनसंख्यांना आवाज विरण्यास सुमारे ०.७ सेकंद लागतात. एवढ्या लहान खोलीतला हा निनाद भव्य वाटत नाही, तो केवळ डबडबीत वाटतो. निनादाचा काळ काढण्याच्या साबीनच्या सूत्राने हिशोब केला: ४१ घनमीटरच्या खोलीत हा काळ ०.३५ सेकंदांवर आणण्यासाठी शोषण दुप्पट करावे लागेल, म्हणजे सुमारे ९ चौरस मीटरची भर घालावी लागेल. हा आकडा प्रथम घाबरवतो, पण एक बसलेला माणूस मध्यम कंपनसंख्यांना साधारण अर्ध्या चौरस मीटरइतके शोषण करतो. नऊ जण बसले की जवळजवळ निम्मे काम तेथेच झाले. उरलेल्यासाठी कापसाच्या गाद्या भिंतीला उभ्या करू. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला शेजारून आला आहे. त्या पातळ पुठ्ठ्याने वरच्या स्वरांत किंचित फरक पडतो, खालच्या स्वरांना काहीही होत नाही, आणि घर मात्र कुक्कुटपालनाचे दिसते.

खालच्या स्वरांसाठी गादीही अपुरीच आहे. १०० हर्ट्झच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा ८७ सेंटिमीटर होतो, आणि तेवढ्या जाडीचा शोषक दिवाणखान्यात ठेवला तर माणसे बसणार कोठे? सुताराकडून रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) दोन चौकटी करून घेतल्या आहेत: ४ फूट बाय २ फूट, १०० मिलिमीटर जाड, घनता घनमीटरला ४८ किलो, वरून मांजरपाट. त्या कोपऱ्यांत, भिंतीपासून थोड्या सोडून उभ्या राहतील.

३० मार्च, गुढीपाडवा

काम बंद. स्वागतयात्रेचे ढोल-ताशे सकाळपासून सुरू आहेत, आणि मंडळातील बहुतेक जणी यात्रेतच आहेत.

५ एप्रिल, शनिवार

मावशी पेटी घेऊन आल्या. ट्यूनरवर पाहिले असता तिची काळी पाच प्रमाण स्वरापेक्षा १२ सेंट चढी निघाली. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, तेव्हा हा फरक दीड हर्ट्झच्या आसपास आहे. जुन्या पेट्यांत हे नेहमीचेच असते, आणि त्यासाठी पेटी उघडून स्वर घासण्याची मुळीच आवश्यकता नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला सूक्ष्म मिळवणी असते. तो पेटीला मिळवला आणि काकांना त्याच स्वराला पखवाज मिळवायचे कळवले. सर्व मिळून १२ सेंट चढे असतील, तर ते ऐकणाऱ्याच्या कानाला सुरातच आहेत.

खरा प्रश्न गंधाराचा आहे. पेटीचे स्वर समान अंतरांवर बसवलेले असल्यामुळे तिचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो ३८६ सेंटवर. सासूबाई वर्षानुवर्षे तानपुऱ्याबरोबर रियाज करत आल्या आहेत, त्यामुळे त्यांचा गळा लांब स्वरावर आपोआप या दुसऱ्या जागी जाऊन थांबतो. पेटीने त्याच वेळी आपला गंधार धरून ठेवला की दोन स्वरांत सव्वादोन-अडीच हर्ट्झचा फरक राहतो, आणि सेकंदाला दोन-तीन वेळा आवाज हेलकावतो. बैठकीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. मुद्रणात दुसऱ्यांदा ऐकताना ते ऐकू येते, आणि एकदा ऐकू आले की कान दुसरे काही ऐकत नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनिअमला प्रवेश नाकारला होता, त्यामागे मिंड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरणे) निघत नाही या आक्षेपाबरोबर हा ठरीव स्वरांचाही आक्षेप होता. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींचे हार्मोनिअम घडवले तेही याच गरजेतून. आमच्याकडे ती पेटी नाही, म्हणून वाजवण्याची रीत बदलणे हाच उपाय उरतो.

मावशींशी बोलून असे ठरवले की, जेथे गळा गंधारावर किंवा धैवतावर थांबतो, तेथे पेटीने तो स्वर न धरता षड्ज-पंचम धरून राहावे, आणि ओळ संपल्यावर भरणा करावा. पंचमात नैसर्गिक आणि पेटीचा फरक अवघा दोन सेंटचा आहे, तो कोणालाही जाणवणार नाही. मावशींनी प्रथम नाराजी दाखवली, कारण गळ्याच्या पाठोपाठ स्वर न् स्वर वाजवणे ही त्यांची साथीची सवय आहे. परंतु दोन्ही प्रकार मुद्रित करून ऐकवल्यावर त्यांनी स्वतःच पेटीच्या वहीत खुणा केल्या.

गळ्यावर स्वरदुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवायचे नाही, हेही आजच नोंदवून ठेवते. मूळ मांडणीत ते प्रत्येक स्वर समान अंतरांच्या पट्टीवर ओढते. म्हणजे सासूबाईंचा बरोबर असलेला गंधार चौदा सेंटने बिघडवून देईल.

१३ एप्रिल, रविवार

आजचा संपूर्ण वेळ पखवाजाला दिला, आणि तो सार्थकी लागला.

काका सवयीने खोलीच्या मधोमध बसले. धुम्याचा प्रत्येक ठोका भिंतींत अडकून पुढच्या ठोक्यावर सांडत होता. ‘धा’ आणि त्यामागचे बोल वेगळे कळेनात. ११४ हर्ट्झची जी खूण करून ठेवली होती, ती हीच. रुंदीच्या या दुसऱ्या कंपनाचा दाब भिंतींजवळ आणि बरोबर मध्यभागी सर्वाधिक असतो, आणि पाव व पाऊण अंतरावर जवळजवळ शून्य असतो. वाद्य जेथे दाब सर्वाधिक तेथे ठेवले तर ते कंपन जोराने चेतवते, आणि शून्याच्या जागी ठेवले तर फारसे चेतवू शकत नाही. दहा फुटांचा पाव भाग अडीच फूट. काकांना लांब भिंतीपासून धुमा अडीच फुटांवर येईल असे सरकवले, आणि धुम्याची शेपटी तेथल्या तेथे आखूड झाली. इक्वलायझरवर हेच करू गेले असते, तर ११४ हर्ट्झ दाबताना धुम्याचा मूळ स्वरही दाबला गेला असता आणि शेपटी मात्र लांबच राहिली असती, कारण इक्वलायझर आवाजाची पातळी बदलतो, तो विरण्यास लागणारा काळ बदलत नाही.

माइक एसएम ५७ च वापरला. धुम्याजवळ नेला तर डाव्या हाताचा दणका मिळतो पण उजव्या तोंडावरच्या शाईचे बोल हरवतात, शाईजवळ नेला तर उलट. इंटरफेसला माइकच्या चारच जागा असल्याने दोन माइक देता येत नाहीत. अखेर वाद्याच्या समोरून, साधारण ४५ सेंटिमीटरवर, किंचित वरून आणि शाईकडे थोडा झुकलेला असा लावला. धुमा समोरून कमी येत नाही. खालचे स्वर तसेही सगळीकडे पसरतात.

कणकेबद्दल एक व्यावहारिक नोंद. पंखा चालू असला की धुम्यावरची कणीक तासाभरात सुकू लागते, तिचे वजन घटते, आणि स्वर चढून पोकळ होतो. प्रत्येक अभंगापूर्वी काका ओला हात फिरवतील आणि मी तानपुऱ्याशी ताडून पाहीन.

२० एप्रिल, रविवार

पूर्ण संच बसवून पहिली चाचणी घेतली. मुख्य अडचण टाळांची. टाळांची तीव्रता तीन हजार हर्ट्झपासून दहा हजारांच्याही पुढे असते, आणि गळ्याचे शब्द ज्या व्यंजनांवर उभे असतात, ती सारी याच पट्ट्यात येतात. सासूबाईंच्या माइकमध्ये टाळ शिरले, तर त्यांचा आवाज उजळ करण्यासाठी काहीही केले तरी टाळच उजळतील.

मोठा कंडेन्सर कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः पुढून ऐकणारा, ठेवला, तर त्याला पाठीमागून सर्वात कमी ऐकू येते. फिगर-एट, म्हणजे पुढून आणि मागून सारखेच ऐकणारा, ठेवला, तर बरोबर दोन्ही बाजूंनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि ही बाजूची शांतता कार्डिऑइडच्या पाठीमागच्या शांततेपेक्षा सहसा अधिक खोल असते. म्हणून फिगर-एट निवडला आणि त्याप्रमाणे माणसे मांडली: माइकच्या पुढे सासूबाई, मागे उभी गादी, एका बाजूला बरोबर नव्वद अंशांत टाळ घेतलेल्या सहा जणी, आणि दुसऱ्या बाजूला नव्वद अंशांतच काका. पेटी सासूबाईंच्या डाव्या हाताला, थोडी पुढे. या मांडणीत काका आणि सासूबाई एकमेकांना तिरके दिसतात. परंतु मान वळवली की ओठ माइकपासून सरकतात, आणि फिगर-एट माइक तर अंतराबाबत फारच हळवा असतो: जवळ आले की खालचे स्वर फुगतात, दूर गेले की आवाज सडपातळ होतो. काकांना अडीच फुटांच्या रेषेवरच ठेवून लांबीच्या दिशेने पुढे सरकवले, तेव्हा मान न वळवता नजरानजर होऊ लागली. ओठ ते माइक वीतभर अंतर, मध्ये श्वासाचे फटके अडवणारी जाळी (पॉप फिल्टर).

टाळकऱ्यांचा माइक त्यांच्या डोक्यांच्या वरून खाली न लावता छातीच्या उंचीवर समोर, चार फुटांवर लावला. टाळ कमरेच्या वर वाजतात आणि तोंड त्याहून वर असते. माइक किंचित वर रोखला की तोंडे रेषेत येतात आणि टाळ रेषेबाहेर जातात. शिवाय सहा जणींपैकी दोघींनीच टाळ वाजवायचे ठरवले, उरलेल्यांनी हाताने टाळी. हा निर्णय मंडळात सहज झाला नाही, आणि त्याचे श्रेय पूर्णपणे सासूबाईंच्या ज्येष्ठतेला आहे.

सर्व जण एकमेकांना प्रत्यक्ष ऐकत असल्यामुळे हेडफोन कोणालाच लागत नाहीत. त्यामुळे बफर, म्हणजे संगणक एका वेळी गोळा करतो तेवढा आवाज, निश्चिंतपणे ५१२ नमुन्यांवर ठेवता येतो. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना, त्याने निदान १०.७ मिलिसेकंदांची दिरंगाई होते, पण जी कोणाच्या कानात जातच नाही ती असली काय आणि नसली काय. मुद्रण २४ बिट, आणि सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास. गजरात सगळ्यांचे भान हरपते, तेव्हा ती बारा डेसिबलची मोकळीक उपयोगी पडते.

२७ एप्रिल, रविवार

वेळेचा प्रश्न. रुळ जवळ असल्याने लोकलची घरघर दर काही मिनिटांनी माइकमध्ये येते. रविवारी जवळच्या मार्गावर मेगाब्लॉक असेल तर गाड्या पलीकडच्या मार्गाने वळवल्या जातात आणि बराच फरक पडतो. पण ब्लॉक भर दुपारचा असतो, आणि एप्रिलच्या दुपारी पंखा बंद करून नऊ माणसांना गाद्यांच्या मध्ये बसवणे हे अमानुष आहे. सकाळी साडेसहाला हवा बरी असते, परंतु समोरच्या आंब्यावरचा कोकीळ तेव्हाच पंचम लावतो, आणि त्याचा पंचम आमच्या पट्टीत नाही.

तोडगा असा: सकाळी नऊची वेळ, सराव पंखा लावून, मुद्रणापुरता पंखा बंद. एक अभंग सात-आठ मिनिटांचा, त्यानंतर सर्वांना ताक. फ्रिजही त्या वेळेत बंद. तो पुन्हा सुरू करण्याचा विसर पडू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवते, म्हणजे बाहेर पडताना आठवण होते. लोकलच्या घरघरीपैकी बरीचशी ८० हर्ट्झच्या खाली असते. गळा, पेटी आणि कोरस यांच्या ट्रॅकवर तेथून खालचे कापता येईल, कारण त्यांचे स्वतःचे तेथे काहीच नसते. पखवाजावर तशी सूट घेता येणार नाही, तेथे घरघर ठोक्यांखाली लपेल एवढाच आधार.

४ मे, रविवार

पहिले दोन अभंग मुद्रित झाले. दुसऱ्याचा गजर अप्रतिम आला.

११ मे, रविवार

तिसरा झाला. चौथ्याच्या मध्यावर सोसायटीच्या पाण्याची मोटर सुरू झाली. सेक्रेटरींना भेटून रविवारी नऊ ते अकरा मोटर न लावण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली आणि त्यांच्या मातोश्रींसाठी एक प्रत मागितली.

१८ मे, रविवार

चौथा अभंग पूर्ण. पाचवा सर्वांत संथ आणि सर्वांत अवघड असल्याने ताज्या गळ्यासाठी राखून ठेवला.

२६ मे, सोमवार

मुंबई परिसरात मोसमी पाऊस दाखल झाल्याचे हवामान खात्याने आज जाहीर केले. इतक्या लवकर तो पूर्वी कधी आल्याची नोंद नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कोरडी हवा मिळेल हे माझ्या वेळापत्रकाचे गृहीतक त्यामुळे आता उरलेले नाही.

१ जून, रविवार

हवेतील ओलाव्याने पखवाजाची चामड्याची पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो. पेटीचे पितळी स्वर मात्र आपल्या जागी राहतात. काकांनी गठ्ठ्यांवर हातोडी चालवून शाई मिळवली, दहा मिनिटांत ती पुन्हा उतरली. खोलीचा एसी तासभर आधी लावून हवा कोरडी केली, पखवाज त्याच हवेत उघडा ठेवला, आणि मुद्रणाच्या वेळी एसी बंद केला. पाचवा अभंग संथ असूनही एवढ्या अवधीत पुरा झाला. खिडकीवरील पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज शेवटच्या अंतऱ्यात येतो. तो काढण्याचा मी प्रयत्न करणार नाही.

७ जून, शनिवार

मिक्सिंगला सुरुवात. पहिल्या बैठकीत कोणतेही प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-सॉफ्टवेअर) न लावता फक्त चार माइकचे फेडर (पातळी कमी-जास्त करण्याच्या सरकपट्ट्या), तेही मोनोमध्ये, एकाच लहान स्पीकरवर. तानपुरा पाचवा ट्रॅक म्हणून थेट तारेने घेतलेला आहे. या टप्प्यावर अभंग ऐकण्याजोगा वाटला नाही, तर दोष मांडणीत असतो आणि पुढचे सारे काम त्याला झाकण्यात जाते. येथे पाचपैकी चार अभंग फेडरवरच उभे राहिले.

काकांचा पखवाज सासूबाईंच्या माइकपासून दोन मीटरवर होता, म्हणजे त्याचा आवाज तेथे ५.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. पखवाजाचा ट्रॅक तेवढाच, म्हणजे २७५ नमुने, मागे सरकवून दोन्ही जुळवावेत असे सुचवले जाते. करून पाहिले. गळ्याच्या माइकशी जुळते तेव्हा कोरसच्या माइकशी बिघडते, कारण ते अंतर निराळे आहे. ट्रॅक मूळ जागी परत ठेवले. फिगर-एटच्या शांत बाजूमुळे गळ्यात पखवाज इतका कमी आहे की जुळवणीने मिळण्यासारखे फारसे नव्हते.

१० जून, मंगळवार

कॉम्प्रेसर. गळ्यावर तो जोराने चालवला की मोठे स्वर दाबले जातात आणि दोन ओळींमधील जागा वर येते. त्या जागेत आमच्याकडे शांतता नसून टाळ आहेत. म्हणून कॉम्प्रेसर नाममात्र, २:१, जास्तीत जास्त तीन डेसिबलचा दाब, आणि खरी पातळी हाताने आखली: ओळ न् ओळ, काही ठिकाणी अक्षर न् अक्षर. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते करताना गायन जितके बारकाईने ऐकले जाते तितके एरवी ऐकले जात नाही. तिसऱ्या अभंगात सासूबाई दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी आवाज मुद्दाम लहान करतात. सुरुवातीला मी तेथे फेडर वर नेला होता, नंतर काढून घेतला, कारण तेथे काका आणि मावशी दोघेही त्यांच्याबरोबर लहान झालेले आहेत.

कोरसच्या ट्रॅकवर सात हजार हर्ट्झच्या आसपास, टाळ जोरात आले तरच दाबणारा डायनॅमिक इक्वलायझर लावला. कायमचा कट दिला असता, तर टाळ नसलेल्या जागी बायकांचे आवाज मंद झाले असते.

१४ जून, शनिवार

निनादासाठी आमच्याच इमारतीचा जिना वापरायचे ठरवले. तयार रिव्हर्बमध्ये कॅथीड्रल आहेत, कॉन्सर्ट हॉल आहेत. त्यांत भजन ठेवले की ते कोठल्यातरी परक्या जागी गेल्यासारखे वाटते. रात्री उशिरा, लोकल थांबल्यानंतर, तळमजल्यावर स्पीकर आणि दुसऱ्या मजल्यावर माइक ठेवून चढता स्वर सोडला. अँजेलो फरिना यांनी २००० साली मांडलेल्या या पद्धतीत चढत्या स्वराच्या मुद्रणावर उलट प्रक्रिया केली की त्या जागेचा प्रतिसाद मिळतो, आणि कन्व्हॉल्यूशन या गणिती प्रक्रियेने तो कोणत्याही आवाजाला लावता येतो. सेक्रेटरींची परवानगी आधीच घेतली होती. जिन्याचा निनाद दीड-दोन सेकंदांचा आहे, लादी आणि चुन्याच्या भिंतींमुळे जरा कडक. वरून सहा हजार आणि खालून दोनशे हर्ट्झवर कापला, आणि गळ्यापासून २५ मिलिसेकंद मागे ठेवला, म्हणजे शब्द आधी पोहोचतात आणि जिना नंतर. पखवाजाला जवळजवळ दिलाच नाही. गजरात मात्र कोरसवर तो वाढत जातो.

१८ जून, बुधवार

मोबाइलवर ऐकले. मंडळातील बहुतेक जणी अभंग तेथेच ऐकणार आहेत, तेव्हा चांगल्या स्पीकरपेक्षा हीच कसोटी महत्त्वाची. मोबाइलच्या स्पीकरमधून ११६ हर्ट्झचा धुमा जवळजवळ निघतच नाही. खालचा स्वर वाढवून उपयोग नव्हता. पखवाजाच्या ट्रॅकवर किंचित सॅच्युरेशन (आवाजाला हलकी विकृती) दिले, त्यामुळे धुम्याच्या दुपटी-तिपटी, म्हणजे २३३ आणि ३५० हर्ट्झ, थोड्या उठून आल्या. या वरच्या पट्टीवरून कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. मोठ्या स्पीकरवर हा बदल ओळखू येत नाही.

२४ जून, मंगळवार

पातळी. स्पॉटिफाय सर्व गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचे माप) आसपास आणते. तेवढी पातळी गाठण्यासाठी मोठे ठोके कापणारा लिमिटर लावला असता, तर अभंगाची संथ सुरुवात आणि गजर यांतील अंतर कमी झाले असते, आणि ते अंतर हाच या मुद्रणाचा गाभा आहे. उणे १६ वर थांबले. ट्रू पीक, म्हणजे सर्वांत उंच शिखर, उणे १ डेसिबल. शिवाय पाचही अभंग वेगवेगळे न मापता एकत्र मापले, म्हणजे पाचवा संथ अभंग चौथ्यापेक्षा हळूच राहतो. पेनड्राइव्हवर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, डिदर करून (बिट कमी करताना सूक्ष्म गोंगाट मिसळून), मोबाइलसाठी एएसी या लहान आकाराच्या फाइली.

२८ जून, शनिवार

मंडळाने एकत्र बसून ऐकले. काकांनी दुसऱ्या अभंगातील एक तिहाई पुन्हा लावायला सांगितली आणि मान डोलावली. मावशींनी पेटी सर्वत्र थोडी खाली घ्यायला सांगितले, जे मला अपेक्षित नव्हते. टाळ घेतलेल्या दोघींची तक्रार मात्र ठाम होती: “आम्ही वाजवतोय हे कळतच नाही.” त्यांचे म्हणणे पहिल्या चार अभंगांबाबत मला पटले नाही, पण पाचव्यात पटले; तेथे संथ ठेक्यात टाळ मात्रेची कड दाखवतात, आणि डायनॅमिक इक्वलायझर त्यांना अकारण दाबत होता. पाचव्यावरून तो काढला, कोरसचा ट्रॅक दीड डेसिबल वर घेतला, पेटी सर्वत्र एक डेसिबल खाली आणली. नव्या फाइली रात्रीच पाठवल्या. मांडणीचा आराखडा, माइकची अंतरे आणि काकांची अडीच फुटांची रेषा प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जोडून ठेवली आहेत. मंडळाने कार्तिकीसाठी काकड आरतीचे मुद्रण करण्याचा विषय काढलेला आहे, आणि त्या वेळी सहाही जणी टाळ घेणार आहेत.